पहिला ग्राफ्ट गेला, आता दुसरा धरेल का?

प्रश्न: माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. दुचाकीच्या अपघातात त्यांच्या उजव्या नडगीवरची कातडी सोलून निघाली; हाड मोडलं नाही. मांडीची कातडी काढून ग्राफ्ट केला. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा हिरवट पू होता आणि बराचसा ग्राफ्ट निघून आला. आता दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा ग्राफ्ट करायला सांगितलं आहे. बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, तंबाखू खातात. जखमेच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं हाडही दिसतं. पहिल्या वेळी डॉक्टरांचं चुकलं का? आणि दुसऱ्यांदा ग्राफ्ट धरावा यासाठी काय करावं?

उत्तर: तुम्ही शुगरबद्दल, पुवाबद्दल लिहिलंत आणि हाडाचा उल्लेख शेवटी जाता जाता केलात. मला मात्र सगळ्यात आधी तेच खटकलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मांडीवरून काढलेली कातडी बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. तिच्यासोबत एकही चालू रक्तवाहिनी येत नाही. मांडीपासून सुटली त्या क्षणी तिचा रक्तपुरवठा संपला. नडगीवर ठेवल्यावर पहिले दीड-दोन दिवस ती जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर कशीबशी तग धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेच्या तळातल्या केशवाहिन्यांची तोंडं ग्राफ्टमधल्या रिकाम्या केशवाहिन्यांना जुळायला लागतात, आणि पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत तिच्यात रक्त नीट खेळायला लागतं. यालाच आम्ही ग्राफ्ट ‘धरला’ म्हणतो. या सगळ्यात ग्राफ्टचा स्वतःचा वाटा फारच थोडा. जे काही करायचं ते खालच्या तळाने करायचं असतं. त्यामुळे नातेवाईक जेव्हा ‘कातडी चांगली होती ना?’ असं विचारतात, तेव्हा मी त्यांना उलट विचारते, ‘जखम चांगली होती का?’

स्नायूवर ग्राफ्ट उत्तम धरतो. स्नायूवरच्या पांढऱ्या आवरणावर धरतो, भरून आलेल्या लाल मांसावर धरतो. चरबीवर जरा कुरकुर करतो, कारण तिथे रक्तवाहिन्या कमी. हाडावर त्याचं स्वतःचं पातळ आवरण शाबूत असेल तर तिथेही धरतो. पण आवरण गेलेलं, पांढरं, कोरडं, चमकणारं हाड असेल तर त्याच्यावर कितीही कुशल हातांनी कातडी ठेवा, ती काळी पडणारच. आवरण गेलेल्या शिरांचं, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांचंही तेच. दोन-चार मिलिमीटरची उघडी जागा असेल तर आजूबाजूच्या रक्तावर ग्राफ्ट ती सांधून नेतो. नाण्याएवढी जागा त्याच्या आवाक्याबाहेर असते.

तेव्हा नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: दिसतंय त्या हाडावर आवरण आहे का, आणि नसेल तर त्या भागाचं काय करणार? उत्तरं तीन-चार प्रकारची असू शकतात. हाडाचा वरचा मेलेला थर घासून किंवा त्याला बारीक भोकं पाडून आतून रक्त येऊ द्यायचं, त्यावर मांस भरेपर्यंत थांबायचं आणि मग ग्राफ्ट करायचा. किंवा व्हॅक लावून, म्हणजे जखमेवर स्पंज बसवून यंत्राने सतत ओढ देऊन, मांस लवकर भरवायचं. किंवा सरळ फ्लॅप करायचा, म्हणजे आपल्या रक्तपुरवठ्यासकट स्नायू किंवा कातडी आणून हाड झाकायचं. नडगीच्या वरच्या भागात पोटरीचा मोठा स्नायू फिरवून आणता येतो, मधल्या भागात त्याच्या खालचा. खालच्या तिसऱ्या भागात, घोट्याच्या वर, जवळपास स्नायूच उरत नाही. तिथे शेजारची कातडी-चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवावी लागते किंवा दुसरीकडून आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडावी लागते. हे मोठं ऑपरेशन आहे. पण ‘नुसती कातडी लावू’ म्हणून दोनदा ग्राफ्ट घालवण्यापेक्षा एकदा फ्लॅप केलेला परवडतो.

ग्राफ्ट आणि फ्लॅप यांत लोक फार गोंधळतात. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून नवं करून दिलं होतं. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि तिथल्या शल्यचिकित्सकांचे डोळे विस्फारले. तो फ्लॅप होता: कपाळाची कातडी भुवयांच्या मध्ये जोडलेली ठेवून, रक्तपुरवठा न तोडता खाली वळवलेली. नुसती सुटी कातडी लावून जखम भरणं त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, १८६९ मध्ये पॅरिसला रेव्हरडँ यांनी दाखवलं, तेही चिमटीएवढे तुकडे लावून. फ्लॅप आपलं रक्त सोबत घेऊन येतो, ग्राफ्ट रिकाम्या हाताने येतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत बहुधा याच फरकावर निर्णय होईल. जखमेचा मोठा भाग ग्राफ्टने आणि हाडाचा तुकडा फ्लॅपने झाकायचा, असंही ठरू शकतं.

आता हिरवट पू. हिरवा रंग आणि जरा गोडसर, विचित्र वास असेल तर डोक्यात पहिलं नाव स्यूडोमोनास या जंतूचं येतं. ओल्या, जुन्या जखमा आणि इस्पितळं ही त्याची आवडती ठिकाणं. जखमेत जंतू असणं ही काही मोठी गोष्ट नाही, प्रत्येक उघड्या जखमेत ते असतातच. प्रश्न संख्येचा असतो. एक ग्रॅम मांसामागे जंतू एक लाखाच्या वर गेले की ग्राफ्ट टिकण्याची आशा झपाट्याने कमी होते. स्ट्रेप्टोकोकसची एक जात मात्र संख्येलाही जुमानत नाही. ग्राफ्ट तळाला चिकटवून ठेवणारा जो नैसर्गिक डिंक असतो, फायब्रिन, तोच ती विरघळवते. कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, ती निघाली तर जखम तिच्यापासून मुक्त होईपर्यंत मी ग्राफ्ट करत नाही. तारीख ठरली असली, नातेवाईक गावाहून आले असले तरी नाही.

जंतू कमी करण्याचा खरा उपाय अँटिबायोटिक आहे असं बहुतेकांना वाटतं. औषध लागतं, कल्चर पाहूनच द्यावं लागतं. पण मेलेल्या मांसात रक्तच नसतं, तर तिथे औषध पोचणार कसं? ते मांस कापून काढावं लागतं. एकदा, कधी दोनदा-तीनदा. ‘पुन्हा पुन्हा ऑपरेशनला का नेताहेत?’ असं वाटलं तर हे ध्यानात ठेवा.

तळ तयार झाला हे कसं ओळखायचं? चांगलं मांस गडद लाल, सपाट आणि बारीक दाणेदार असतं. ओल्या गॉजने हलकंसं पुसलं तरी टिपूस टिपूस रक्त येतं. कडेने निळसर-पांढरी नवी कातडी आत सरकताना दिसते, आणि ही कड सरकतेय हा मला सगळ्यात भरवशाचा इशारा वाटतो. याउलट फिकट गुलाबी, फुगलेलं, जेलीसारखं लिबलिबीत मांस पाहून घरचे खूश होतात, ‘मांस वर आलंय’ म्हणतात. ते वाईट मांस. टेबलावर आम्ही ते खरवडून खालच्या कडक थरापर्यंत जातो आणि मगच ग्राफ्ट ठेवतो.

खरवडलं की रक्त येतं, आणि इथेच ग्राफ्टचा सगळ्यात मोठा शत्रू जन्म घेतो. माझ्या मते ग्राफ्ट जायची कारणं मोजायला बसलं तर पुवाच्या आधी नंबर लागतो तो ग्राफ्टखाली साचलेल्या रक्ताचा. मोबाइलच्या काचेवर स्क्रीनगार्ड लावताना आत बुडबुडा राहावा, तसं ते असतं: त्या जागी कातडी आणि तळ यांची गाठच पडत नाही. म्हणून चांगला सर्जन खरवडल्यावर रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अॅड्रेनलिनमध्ये भिजवलेलं गॉज दाबून ठेवतो आणि घड्याळाकडे न बघता थांबतो. कातडीला जाळी पाडतात, म्हणजे यंत्रातून किंवा ब्लेडने बारीक चिरा देतात, तेही त्यासाठीच: रक्त आणि पाणी चिरांतून बाहेर यावं. जाळीने थोडी कातडी जास्त जागेला पुरते हा दुसरा फायदा. बरी झाल्यावर जाळीची नक्षी कायम दिसते हा तोटा. चेहऱ्यावर म्हणूनच आम्ही ती टाळतो, नडगीवर नाही. बाबा हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधीच सांगा. मनाने मात्र बंद करू नका, ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

दुसरा शत्रू हालचाल. तळातून ग्राफ्टमध्ये शिरू पाहणारी केशवाहिनी केसाहून बारीक असते. कातडी किंचित सरकली तरी ती तुटते. ड्रेसिंग घट्ट बांधतात, कापसाचा गोळा टाक्यांनी वरून आवळतात, कधी ग्राफ्टवरच चार-पाच दिवस व्हॅक लावतात, घोट्यासकट प्लास्टरची पट्टी (स्लॅब) घालतात, ते याकरता. आणि मग रात्री दोन वाजता पेशंट कोणालाही न उठवता स्वतःच उठून संडासला जातो! पाय खाली सोडला की नडगीतल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढतो, ग्राफ्टखाली पाणी-रक्त झिरपतं, वरून सरकणं आहेच. लहान ग्राफ्ट असेल आणि पट्टीचा दाब नीट असेल तर लवकर चालवण्याचा प्रघात आता वाढतो आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण शुगर असलेला पेशंट, नडगी आणि एकदा गेलेला ग्राफ्ट, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मी पहिले पाच ते सात दिवस पाय उशांवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवायला लावते. बेडपॅन वापरायचं, लाजायचं नाही. दुसरा पाय आणि उजव्या पायाची बोटं मात्र हलवत राहायची, नाहीतर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

पहिलं ड्रेसिंग साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उघडतात. त्याआधी वास आला, ताप भरला, ड्रेसिंग भिजून बाहेर आलं किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी उघडायला सांगा. उघडताना घाई नको. आतल्या जाळीदार पट्टीवर सलाइन सोडत राहायचं, ती भिजून सुटी झाली की ग्राफ्टला समांतर, चपटी ठेवून उचलायची. वर खेचली तर धरलेली कातडीही सोबत येते. खाली गुलाबी ते जांभळट रंग दिसला, बोटाने दाबल्यावर पांढरा होऊन परत रंग आला, की काम झालं. एखाद्या ठिकाणी पाण्याचा फुगा दिसला तर ब्लेडच्या टोकाने वर छोटी चीर द्यायची आणि ओल्या कापूसकाडीने पाणी त्या चिरेकडे लोटून काढायचं. वेळेत काढलं तर तो भाग वाचतो. वरचा पांढरट पापुद्रा निघून येताना पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. खाली गुलाबी ओलसर थर असेल तर ग्राफ्ट जिवंत आहे, वरचा थर नव्याने येईल. काळं, कोरडं, टणक झालेलं मात्र गेलं. थोडाच भाग गेला असेल तर पुन्हा ऑपरेशन लागतंच असं नाही. कडेने कातडी सरकून तो भरून येतो.

आता वडिलांच्या शरीराबद्दल. शुगरबाबत लोक फक्त एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, विचारतात. ती आठच्या आत असेल तर बरं, पण उघडी जखम तीन महिने थांबू शकत नाही, त्यामुळे मी ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांतल्या रोजच्या शुगरवर जास्त लक्ष ठेवते. ती १४० ते १८० च्या दरम्यान राहिली तर समाधान. त्यासाठी गोळ्या थांबवून काही दिवस इन्शुलिन द्यावं लागलं तर ‘आता कायमचं इंजेक्शन लागलं’ असं समजू नका.

शुगरपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पायात रक्त उतरतंय का. अनेक वर्षांची शुगर आणि तंबाखू, दोन्ही पायाच्या धमन्या अरुंद करतात. घोट्याजवळ आणि पायाच्या वरच्या बाजूला नाडी लागते का हे बघायला एक मिनिट पुरतं. नाडी लागत नसेल तर कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघण्याची तपासणी चांगली आहे, पण शुगरच्या पेशंटमध्ये धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो, हे ध्यानात असू द्या. रक्तच पोचत नसेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं, अडथळा काढायचा आणि मग ग्राफ्ट.

तंबाखूबद्दल मी कडक आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ग्राफ्ट तर त्यांच्यावरच जगायचा असतो. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू बंद. ‘सिगारेट ओढत नाही हो, फक्त चिमूटभर खातो’ याला अर्थ नाही. हिरडीतून निकोटिन तितक्याच सहज रक्तात जातं. गुटखा, तपकीर त्याच माळेचे मणी. आणि मिश्री! आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मला कसलंच व्यसन नाही’ असं मनापासून सांगतात आणि दिवसातून तीनदा मिश्री लावतात. मी आता सगळ्यांना मिश्रीचं नाव घेऊनच विचारते.

खाण्याच्या बाबतीत घरोघरी उलटा कारभार चालतो. पू धरेल म्हणून डाळ बंद, अंडी बंद, मासे बंद, आंबट बंद. पेशंट चहा-बिस्किटं आणि पेजेवर. जखम भरायला जे लागतं नेमकं तेच काढून घेतलं जातं. डाळीने, अंड्याने पू होत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे किती खावं लागेल याचा अंदाज करा. दूध, पनीर, उसळी, शेंगदाणे, मासे, जे घरात चालतं ते वाढवा. पेरू, आवळा, लिंबू खाऊ द्या, ‘क’ जीवनसत्त्व लागतंच. वडिलांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेली असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तीनच्या खाली असेल तर मी शक्य तेव्हा आधी खाणं सुधारते. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असलं की पुरे. थोडं कमी असलं म्हणून ग्राफ्ट जातोच असं नाही, उगाच रक्ताच्या बाटल्या चढवू नका. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा कुठल्या ‘पावडरी’ चालू असतील ज्यात काय आहे ते माहीत नाही, तेही सांगा.

तर मग पहिल्या वेळी डॉक्टरांचं चुकलं का? उघडं हाड असताना नुसता ग्राफ्ट केला असेल तर निर्णयाबद्दल प्रश्न विचारायला जागा आहे. पण पहिल्या ऑपरेशनच्या वेळी हाड झाकलेलं असेल आणि नंतर पू होऊन ते उघडं पडलं असेल, असंही घडतं. जुने कागद मागून घ्या, त्यात जखमेचं वर्णन, कल्चरचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद असायला हवी. हे भांडायला नको, नव्या डॉक्टरांना दाखवायला हवंय: कोणता जंतू होता, कुठल्या औषधाला दबत होता, कोणत्या मांडीची कातडी वापरली, किती शिल्लक आहे. उरलेली कातडी सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून चार अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये दोन आठवडे तरी वापरण्यासारखी राहते. काही ठिकाणी ठेवतात, काही ठिकाणी नाही, हेही आधी विचारून ठेवा.

कातडी काढलेल्या जागेबद्दल कोणी बोलत नाही, आणि पेशंट तक्रार करतो ती तिचीच, कारण ती जखमेपेक्षा जास्त दुखते. ती साधारण दहा ते चौदा दिवसांत आपोआप भरते, शुगर असेल तर थोडी जास्त. तिचं ड्रेसिंग चिकटलेलं असतं. वास किंवा पू नसेल तर ओढून काढू नका, खाली नवी कातडी आली की ते स्वतःच सुटतं.

ग्राफ्ट धरल्यावरही महिनाभर तो फार नाजूक असतो. उभं राहण्याआधी पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळायचं, सुरुवातीला पाच-दहा मिनिटंच पाय खाली सोडायचा, ग्राफ्ट निळा-जांभळा पडतोय का ते बघायचं. पातळ ग्राफ्टमध्ये तेलाच्या ग्रंथी नसतातच म्हणा ना, त्यामुळे तो कोरडा पडून फुटतो. जखम पूर्ण मिटल्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन रोज तीन-चार वेळा हलक्या हाताने चोळा. खाज येईल, नखं लावू देऊ नका, रात्री फार होत असेल तर गोळी मिळते. वर्षभर ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर तिथला काळा डाग पक्का होतो. आणि त्या जागेची जाणीव कमी असते हे लक्षात ठेवून चपलेचा पट्टा, बुटाची कड, गरम पाण्याची पिशवी, मोटारसायकलचा सायलेन्सर यांपासून ती नडगी जपा.